सही करण्यापूर्वी

पिपरी मेघेचे एक गृहस्थ मध्यंतरी सकाळी सकाळीच घरी आले. हातात चार पानांचं एक संमतीपत्र होतं. त्यांच्या आईला बरीच वर्षं मधुमेह आहे. जिथं तिचे उपचार चालू आहेत, तिथल्या डॉक्टरांनी तिला एका अभ्यासात भाग घ्याल का, असं विचारलं होतं आणि हा कागद घरी वाचून, पटलं तर सही करून आणा, असं सांगितलं होतं. कागद माझ्यापुढे ठेवत त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, आमच्या मायवर प्रयोग तं नाही करून राहिले नं हे लोकं?"

मी म्हणालो, "प्रयोगच करताहेत. पण बसा, चहा घ्या. प्रयोग म्हणजे काय, ते आधी बोलू."

मित्रहो, त्या सकाळी आमचं जे बोलणं झालं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. कारण हा प्रश्न त्या एकट्या गृहस्थांचा नाही. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेसारख्या गावांना दोन मोठी शिक्षण-रुग्णालयं हाताशी आहेत. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि तिचं कस्तुरबा रुग्णालय. सावंगी मेघेला १९९० साली सुरू झालेलं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. अशा ठिकाणी उपचार होतात, विद्यार्थी शिकतात आणि संशोधनही चालतं. पहिली दोन कामं आपल्या डोळ्यांना दिसतात. तिसरं दिसत नाही. ते आपल्यापर्यंत पोचतं ते एकदम अशा चार पानी कागदाच्या रूपानं, आणि मग माणूस दचकतो.

त्यांचा दुसरा प्रश्न लगेच आला. "इतके मोठे डॉक्टर, इतक्या वर्षांचा अनुभव. मग त्यांना अजून शोधायचं काय बाकी आहे?"

याचं उत्तर देण्यासाठी मी त्यांना सापाची गोष्ट सांगितली. पावसाळा लागला, निंदण-खुरपण सुरू झालं की आपल्याकडे सर्पदंशाच्या घटना सुरू होतात. गावात एखादा मांत्रिक असतो. तो सांगतो, माझ्या हातून शंभरातले बहुतेक बरे झाले. तो मुद्दाम खोटं बोलतो असं नाही. आपल्याकडे चावणारे पुष्कळ साप धामण, दिवड असे बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो पुरेसं विष टोचतोच असं नाही. म्हणजे मांत्रिकाकडे जाणारे बरेच जण काहीही न करता बरे होणारेच असतात. त्यांचं श्रेय मंत्राला जातं. आणि ज्याला नाग किंवा घोणस खरोखरच चावली, तो उपचाराविना गेला, तर 'आणायला उशीर केला' म्हणून दोष घरच्यांकडे जातो. अशा हिशेबात मंत्र कधी हरतच नाही. विषबाधेवरचा खरा उपाय प्रतिविष, आणि ते रुग्णालयातच मिळतं, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता गंमत अशी, की मांत्रिकाची जी चूक, तीच चूक पदवीधर डॉक्टरही करू शकतो. सर्दी औषध घेतलं नाही तरी आठवड्याभरात जाते. ताप, अंगदुखी, जुलाब यांपैकी कितीतरी आजार आपोआप बरे होतात. डॉक्टरनं गोळी दिली, रुग्ण बरा झाला, डॉक्टरला वाटलं गोळीनं केलं. असे पाचशे रुग्ण झाले की त्याला अनुभव म्हणतात. अनुभव मोलाचा असतोच, पण तो तपासून घ्यावा लागतो.

अनुभव तपासून घेण्याचं एक उदाहरण इथलंच आहे. रक्त कमी आहे का, हे पाहायला डॉक्टर खालची पापणी ओढून डोळा बघतात, जीभ बघतात, तळहात आणि नखं बघतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही तपासणी आहे. ती किती खरी ठरते? सेवाग्रामच्या डॉक्टरांनी हे तपासलं. एकाच रुग्णाला वेगवेगळ्या डॉक्टरांनी पाहायचं, एकानं काय नोंदवलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही आणि मग प्रत्यक्ष रक्त तपासून हिमोग्लोबिन किती ते बघायचं. २०१० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं, की एकाच रुग्णाच्या फिकटपणाबद्दल डॉक्टरांचं आपसात फारसं एकमत होत नाही. जीभ स्पष्ट पांढरी दिसली तर रक्त फारच कमी असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. पण फिकटपणा दिसला नाही म्हणजे रक्त ठीक आहे, असं म्हणता येत नाही. आपल्या भागात, जिथं रक्तक्षय बायकांच्या पाचवीला पुजलेला आहे, तिथं याचा अर्थ सरळ आहे. डोळा बघून 'ठीक आहे बाई' म्हटलं, तरी शंका असेल तर रक्त तपासून घ्यावं.

या अभ्यासात नवं औषध नव्हतं, चिरफाड नव्हती. डॉक्टरांनी स्वतःच्याच डोळ्यांची परीक्षा घेतली होती. संशोधनाचा मोठा भाग असा असतो.

"पण औषधाचा अभ्यास असला तर?" त्यांनी विचारलं. "काहींना देतात, काहींना देत नाहीत म्हणे."

ते स्वतः शेतकरी, म्हणून मी शेतातच शिरलो. म्हटलं, "कपाशीचं नवं वाण आलं. ते चांगलं की जुनं चांगलं, कसं ठरवाल?" ते म्हणाले, "अर्ध्या वावरात हे, अर्ध्यात ते." मी म्हटलं, "आणि नवं वाण विहिरीजवळच्या काळ्या कसदार तुकड्यात लावलं, जुनं बरडात, तर?" ते हसले. "मग वाणाचं काय समजन? जमिनीचंच समजन."

मित्रहो, वैद्यकीय चाचणीचं सगळं मर्म या एका वाक्यात आहे. डॉक्टरनं नवं औषध धडधाकट रुग्णांना दिलं, तर ते उगीचच चांगलं ठरेल. अगदी अत्यवस्थ रुग्णांनाच दिलं, तर उगीचच वाईट ठरेल. म्हणून कोणाला काय मिळणार, हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकून ठरवतात. मग दोन्ही गटांत तरुण-म्हातारे, सशक्त-अशक्त, गरीब-श्रीमंत सारखेच विभागले जातात, आणि शेवटी फरक पडला तर तो औषधामुळेच पडला, असं म्हणता येतं. ही युक्ती मुळात शेतीतूनच आली आहे. १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं पिकांच्या प्रयोगांसाठी ती मांडली.

माणसांच्या बाबतीत ती पहिल्यांदा गाजली क्षयरोगामुळे. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध नवं निघालं होतं आणि युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये ते फार थोडं उपलब्ध होतं. सगळ्यांना देणं शक्यच नव्हतं. तेव्हा १०७ रुग्णांची अशी विभागणी केली गेली, की ५५ जणांना औषध आणि विश्रांती, तर ५२ जणांना त्या काळचा रूढ उपचार, म्हणजे नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी पहिल्या गटातले ४ जण दगावले होते, दुसऱ्या गटातले १४. हा अहवाल १९४८ साली आला, आणि स्ट्रेप्टोमायसिन उपयोगी आहे की नाही, हा वाद मिटला.

त्याहून आपल्या जवळचं उदाहरण मद्रासचं. त्या काळी क्षयरोग म्हणजे आरोग्यधाम, चांगली हवा, दूध-अंडी आणि महिनोन्‌महिने अंथरूण. घरापासून दूर. आणि देशात आरोग्यधामांतल्या खाटा मूठभर, रुग्ण लाखोंनी. १९५६ साली मद्रासमध्ये एक चाचणी सुरू झाली. गरीब वस्त्यांमधल्या रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात ठेवलं, काहींना त्यांच्या घरीच राहून औषधं दिली. औषधं दोन्हीकडे तीच. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहणारे रुग्ण, दाटीवाटीच्या खोलीत, साध्या जेवणावर, जवळजवळ तितकेच बरे झाले होते. आणि घरातल्या माणसांना आजार लागण्याचं प्रमाणही त्यामुळे वाढलं नव्हतं. आज आपल्या गावातला क्षयरुग्ण मुलाबाळांत राहून गोळ्या घेतो, त्याच्यामागे त्या मद्रासी रुग्णांचं देणं आहे. त्यांच्यापैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही.

इथं आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मोजायचं काय? हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या हृदयाचे ठोके कधी कधी मध्येच चुकतात. असे ठोके चुकणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त, हे माहीत होतं. ठोके सुरळीत करणाऱ्या गोळ्या निघाल्या. ईसीजी सुधारायचा. डॉक्टर खूश, रुग्ण खूश. मग अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली आणि तिच्यात ईसीजीऐवजी माणसं मोजली गेली. १९९१च्या अहवालानुसार या जातीच्या दोन गोळ्या घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, तर औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. ठोके सुधारले होते आणि माणसं जास्त मरत होती. १९८९ मध्येच या गोळ्यांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. चाचणी झाली नसती, तर त्या गोळ्या चांगल्या म्हणून आणखी किती वर्षं दिल्या गेल्या असत्या, कोण जाणे!

म्हणून चांगलं संशोधन कागदावरच्या आकड्यावर थांबत नाही. साखर किती उतरली, एवढंच ते विचारत नाही. पाय वाचला का, नजर शाबूत राहिली का, माणूस परत कामावर गेला का, घरचं कर्ज किती झालं, हेही विचारतं. इंग्रजीत ज्याला 'आउटकम' म्हणतात, तो हा. आपण त्याला रुग्णाच्या पदरात काय पडलं, असं म्हणू.

असं पदरात पडलेलं माप गडचिरोलीनं जगाला दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग वर्धा जिल्ह्यातलं काम आटोपून १९८६ साली गडचिरोलीला गेले. तिथं खेड्यांत नवजात बाळं मोठ्या संख्येनं मरत होती आणि रुग्णालय कोसांवर होतं. त्यांनी ३९ गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना तयार केलं. बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, न रडणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करायचा, जंतुदोष ओळखायचा आणि वेळ पडली तर इंजेक्शनही द्यायचं. तुलनेसाठी ४७ गावं होती. ही गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, हे सांगायला हवं. पण दोन्हीकडचे जन्म-मृत्यू मात्र कसोशीनं मोजले गेले. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांत हजार बाळांमागे साठाच्या आसपास नवजात बाळं दगावत होती, तर या ३९ गावांत पंचवीसच्या आसपास. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे आकडे छापून आले. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्तीनं घरी जाऊन नवजात बाळाला तपासण्याचा कार्यक्रम देशभर घेतला गेला. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, आणि मग बेचाळीस दिवसांपर्यंत आशाताई काटा घेऊन दारात येते, त्याचं मूळ त्या गावांमध्ये आहे.

एवढं ऐकल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "म्हणजे भिण्याचं कारण नाही."

मी म्हटलं, "असंही नाही."

कारण ही भीती हवेतून आलेली नाही. अमेरिकेत टस्कीगी इथं १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं गरमी झालेल्या सुमारे चारशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर लक्ष ठेवलं गेलं. पेनिसिलिन हा हमखास उपाय हाताशी आल्यावरही तो त्यांना दिला गेला नाही. रोग वाढत जाऊन पुढे काय होतं, एवढंच बघायचं होतं. नाझी डॉक्टरांच्या अत्याचारांनंतर १९४७ साली न्यूरेंबर्गच्या न्यायालयानं सांगितलं होतं, की माणसाच्या स्वखुशीच्या संमतीशिवाय त्याच्यावर प्रयोग नाही. १९६४ साली हेलसिंकीला जगभरच्या डॉक्टरांच्या संघटनेनंही नियम घातले. तरीसुद्धा टस्कीगी आणखी आठ वर्षं चालूच होतं. आणि आपल्या देशातही २०१० साली आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींवर चाललेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा एक अभ्यास सरकारला थांबवावा लागला. वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांनीच सह्या केल्याचं चौकशीत आढळलं. इथं मुद्दा लशीचा नव्हता. ती लस पुढे अनेक देशांत उपयोगी ठरली आहे. मुद्दा होता तो न विचारण्याचा.

अशा अनुभवांतून नियम कडक होत गेले. भारतात होणाऱ्या औषधचाचण्यांची जाहीर नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून तिच्यात नाव नोंदवणं सक्तीचं झालं. चाचणीचा आराखडा आधी नैतिकता समितीपुढे जातो. या समितीत फक्त डॉक्टर चालत नाहीत. कायदा जाणणारा हवा, एक स्त्री हवी आणि एक सामान्य नागरिकही हवा. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम सांगतात, की चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळाले पाहिजेत आणि भरपाईही मिळाली पाहिजे. इतर अभ्यासांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

पण नियम कपाटात असतात. कागद तुमच्या हातात असतो. म्हणून मी त्या गृहस्थांना म्हटलं, सही करायच्या आधी सहा गोष्टी विचारा. अगदी मोकळेपणानं विचारा, यात डॉक्टरांचा अपमान नाही.

एक, तुम्हाला यातून काय शोधायचं आहे, ते साध्या मराठीत सांगा. दोन, आम्ही नाही म्हटलं तर आईला कोणता उपचार मिळेल? तो आजच्याइतकाच चांगला मिळायला हवा. तीन, नेहमीपेक्षा जास्तीचं काय करावं लागेल? रक्त किती वेळा काढणार, खेपा किती, आणि जाण्यायेण्याचा व तपासण्यांचा खर्च कोणाचा? चार, काही बिघडलं तर कोण बघणार आणि भरपाईचं काय? पाच, मध्येच सोडायचं ठरवलं तर सोडता येईल ना? याचं उत्तर 'हो' असंच हवं, कारण न सांगताही. सहा, अडचण आली तर फोन कोणाला करायचा? डॉक्टरांचा आणि नैतिकता समितीचा, दोन्ही क्रमांक कागदावर असले पाहिजेत.

आम्ही दोघांनी मिळून तो कागद ओळीनं वाचला. यातली बहुतेक उत्तरं त्यात होती. गृहस्थांचं समाधान झालं. खिशातून पेन काढून ते सही करू लागले. मी त्यांचा हात धरला.

"ही सही कोणाची?"

"मायची. पण तिच्या वतीनं मीच करतो सगळं."

"माय शुद्धीवर आहे, बोलते, तिला समजतं?"

"हो तं."

"मग तिला हे कोणी वाचून दाखवलं का?"

ते गप्प झाले. कागद घडी करून त्यांनी परत पिशवीत ठेवला.

आठ-दहा दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा आई बरोबर होती. पंचाहत्तरीच्या पुढची, लिहिता-वाचता न येणारी. मुलानं दोन संध्याकाळी बसून तिला सगळं वाचून दाखवलं होतं. अशा वेळी सहीऐवजी अंगठा चालतो, पण अभ्यासाशी संबंध नसलेला एक साक्षीदार वाचून दाखवताना हजर असावा लागतो, हे मी त्यांना सांगितलं. आई भाग घ्यायला तयार होती. म्हणाली, माझं वय झालं, पण सुनेलाही साखर निघाली आहे, तिच्या कामी येईल. मात्र तिचा एक प्रश्न होता.

"एवढं सारं लिहून घेतीन, रगत काढतीन. मंग माह्या बिमारीतून त्यांले काय समजलं, ते मले सांगतीन का?"

माझ्या सहा प्रश्नांच्या यादीत हा नव्हता. इतकी वर्षं मी रुग्णांकडून सह्या घेतल्या, अभ्यास केले, निष्कर्ष छापून आणले. ज्यांच्या रक्तावर ते उभे होते, त्यांच्या दारी जाऊन काय निघालं ते किती वेळा सांगितलं, हे आठवायला लागलो, तेव्हा बोटंसुद्धा पुरून उरली. मी त्या माउलीला म्हटलं, हा प्रश्न तिथल्या डॉक्टरांना तुम्हीच विचारा, आणि उत्तर मिळाल्यावरच अंगठा द्या.

तेव्हापासून माझी यादी सात प्रश्नांची झाली आहे.